कोपऱ्यातला दोर

हंस्या,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला नागभीडला येऊन गेलो. मंडपात तुझा फोटो ठेवला होता, तो तुझा वाटतच नव्हता. केस चापून बसवलेले, शर्टाची वरची गुंडी लावलेली आणि तोंड बंद. तोंड बंद असलेला हंसराज मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, मग लोक एकेक करून बोलले. झाडीपट्टीच्या नाटकांचा केवढा मोठा प्रॉम्प्टर गेला, असं जो तो सांगत होता. मलाही उठवलं. बालमित्र, इंग्रजीचे प्राध्यापक, खास चंद्रपूरहून आलेले. मी दोन गुळगुळीत वाक्यं बोललो आणि खाली बसलो. तिथे जे बोलता आलं नाही ते इथे लिहितो आहे. तू म्हणशील, आता लिहून काय फायदा, मी काय वाचून राह्यलो का. तरी लिहितो.

आपलं सगळं सुरू झालं ते माझ्या अब्बांच्या गादीच्या दुकानात. पुढे गिऱ्हाईक, मागे पिंजलेल्या कापसाचा ढीग आणि त्या ढिगावर शाळा सुटल्यावर आपण. अब्बा दर थोड्या वेळाने ओरडायचे, "ये गादी बिकनी है रे, दंगल का मैदान नई है." पण उठवून कधी लावलं नाही. कोपऱ्यात त्यांनी एक जुना रंगीत टीव्ही आणून ठेवला होता. चित्र झकास, आवाज गेलेला. दुरुस्त करून घ्या म्हटलं तर म्हणायचे, गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकू यायला पाहिजे, टीव्हीचं ऐकून काय करायचं. त्या मुक्या टीव्हीवर केबलची परदेशी कुस्ती लागायची. पहेलवान यायचे, माइक घेऊन तावातावाने बोलायचे, एकमेकांच्या अंगावर बोट नाचवायचे, आणि आपल्याला ऐकू काही नाही. आवाज असता तरी काय मोठं कळणार होतं म्हणा. गावात इंग्रजी होतं ते फक्त गाइडमध्ये.

मग तू बोलायला लागलास. पडद्यावर ज्याचं तोंड हले त्याचं बोलणं तुझ्या तोंडून यायचं, झाडीबोलीत. "तुह्या घरी येऊन मारीन बे तुले, तुह्या सासऱ्यापुढं मारीन." लांब मिशीवाला जो धिप्पाड होता त्याचं नाव तू ठाणेदार ठेवलंस, आणि पिवळ्या केसांचा त्याचा जोडीदार भुऱ्या. बाहेर कोट घालून उभा राहणारा त्यांचा मुकादम, तो कोटवाला. सामना चालू असताना पंच नेमका पाठमोरा असायचा, म्हणून त्याला तू मोतीबिंदू करून टाकलास. गादी भरून घ्यायला आलेले लोक कापूस विसरून तुझ्याकडे बघत बसायचे.

माझं काय होतं ते तुला माहीत आहे. माझ्याकडे पहेलवानांच्या पत्त्यांचा जोड होता. प्रत्येकाची उंची, वजन, छाती, दंड, सगळं छापलेलं. तू ठाणेदाराला सात फुटांचा केलास की मी पत्ता काढून दाखवायचो, हे बघ, सहा फूट सहा. तू म्हणायचास, "थो उभा कुठी आहे? वाकून मापलं असन." लोक हसायचे आणि माझा पत्ता हातातच राहायचा.

त्या काळातल्या कुस्तीबद्दल माझी मतं आजही तीच आहेत आणि आज तरी मध्ये बोलू नकोस. ते सामने धड संपायचेच नाहीत. दोघं जीव तोडून लढत असताना तिसरा कोणीतरी खुर्ची घेऊन यायचा आणि सगळ्याची माती. विजेतेपदाचा पट्टा आज याच्याकडे, पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे, मग त्या पट्ट्याला किंमत काय राहिली? लढणं थोडं आणि माइकवर भांडणं जास्त. टेबलं फोडायचं तर इतकं वेड की शेवटी टेबल फुटलं तरी कोणी मान वर करून बघेना. एका सामन्यात एक वस्तू फोडा, जपून फोडा, तर तिची आठवण राहते. हे मी शाळेत असतानाही म्हणत होतो. तू म्हणायचास, "नुसती कुस्ती पाहाची असन तं जत्रेत जाय. इथी भांडण काऊन झालं थे पाहाचं रायते." आणि एखाद्याने हे सगळं नाटक आहे म्हटलं की तू चिडायचास. नाटक असणं ही तक्रार झाली, हे झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला पटणारच कसं?

जोडीच्या सामन्यात मात्र आपलं एकमत असायचं. दोघांविरुद्ध दोघं. एक जण आत मार खातो, दुसरा कोपऱ्यात दोरखंडाबाहेर उभा. तिथे कोपऱ्याला हातभर दोर बांधलेला असतो, तो त्याने एका हातात धरून ठेवायचा आणि दुसरा हात आत लांबवायचा. आतला सरपटत येऊन त्या हाताला शिवला तरच बाहेरच्याने आत जायचं. आपण त्याला हात देणं म्हणायचो. मार खाणारा सरपटत निघाला की दुकानातल्या बायाही खुर्चीच्या कडेला सरकायच्या.

आणि तो सामना. ठाणेदार आत अर्धमेला झालेला, इंच इंच सरकतोय. कोपऱ्यात भुऱ्या, हात लांबवून. दोघांच्या बोटांत वीतभर अंतर राहिलं आणि भुऱ्याने हात मागे घेतला, खाली उडी मारली आणि चालायला लागला. अब्बांच्या हातातली सुई थांबली. मी म्हणालो, "गद्दार." त्यावर तू हळूच म्हणालास, "नाई बे. त्या कोटवाल्याच्या कानाले फोन पाय. भुऱ्याची माय दवाखान्यात हाये. आत्ताच खबर आली. ठाणेदाराले सांगाले टाइम नाई भेटला त्याले."

पुढच्या आठवड्यात भुऱ्या माइक घेऊन बोलला, सगळं स्टेडियम त्याच्यावर ओरडत होतं, आणि आपल्या दुकानात तू त्याच्या तोंडून सांगितलंस की माय बेशुद्ध आहे, कोटवाल्याने धमकी दिली आहे, कोणाला बोललास तर तिचं औषधपाणी बंद. लेकीच्या लग्नाच्या गाद्या भरायला आलेली एक बाई डोळ्याला पदर लावून बसली. गाद्या न्यायला आली तेव्हा आधी विचारलं, "माय बरी हाये का त्याची?" जगभर शिव्या खाणारा तो माणूस एकट्या नागभीडमध्ये लोकांचा लाडका होता. भुऱ्याच्या मायला तू पुढे तीनदा वेगवेगळे आजार दिलेस, एकदा तर ती मेलीही होती आणि महिन्याने परत दवाखान्यात होती. मी हे तेव्हाच दाखवून दिलं होतं. कोणी ऐकलं नाही.

मी शिकलो, चंद्रपूरला नोकरीला लागलो. तू दहावीत अडकलास आणि नाटकाच्या गाडीत चढलास. धान कापून झालं की गावोगाव नाटकं, आणि रंगमंचापुढच्या खड्ड्यात कागद घेऊन बसलेला तू. तालमी कोणाला करायच्या असतात? नट रंगून उभे राहतात आणि खड्ड्यातून जे येईल ते बोलतात. देसाईगंजला तुझं नाटक बघायला आलो होतो, आठवतं? एक नट वाक्य विसरून तोंड उघडून उभा राहिला. कागदावरचं वाक्य तर त्याने आधीच खाऊन टाकलं होतं. तू जागच्या जागी नवीन वाक्य केलंस आणि खालून दिलंस. खलनायक होता तो. तू त्याला रडवलंस. नंतर मला म्हणालास, "खलनायकाले बी एक कारण देवा लागते. बिनकारणाचा माणूस स्टेजवर उभा नाई राहू शकत."

अब्बांना लकवा मारला आणि त्यांची वाचा गेली, तेव्हा मी चंद्रपुरात नवीन होतो. रजा मिळायची नाही, मिळाली तरी पुरायची नाही. तू रोज जाऊन त्यांच्यापाशी बसायचास. ओठ हलायचे, आवाज नाही. मी आलो की तू बाजूला बसून सांगायचास, "अब्बा म्हणून राह्यले, चहा घे." "अब्बा म्हणून राह्यले, पंख्याचं बटन बदल." ते मान हलवायचे. एकदा मी निघायच्या घाईत होतो आणि निघवतही नव्हतं. अब्बांचे ओठ बराच वेळ हलत राहिले. तू त्यांच्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "अब्बा म्हणून राह्यले, सलीम, तू जाय. नोकरी सांभाळ. इथी मी बरा हाये, हंसराज हाये." मी त्यांच्या पायांना हात लावला आणि गाडी पकडली. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

हंस्या, त्या दिवशी मी पुरावा मागितला नाही. अब्बा खरंच तसं म्हणाले का, असं मी तुला कधीच विचारलं नाही. मला ते हवं होतं, म्हणून घेतलं. आजपर्यंत मी त्याच एका वाक्यावर झोपत आलो आहे.

आणि तुझ्या भुऱ्यासाठी मात्र मी पुरावे काढले.

या वर्षी सुट्टीत मला तो सामना इंटरनेटवर सापडला. स्वच्छ चित्र, स्वच्छ आवाज. पुढच्या आठवड्याचं भाषणही सापडलं. भुऱ्या अगदी सोप्या इंग्रजीत सांगतो की मी तुला पाठीवर घेऊन थकलो, पट्टा माझा आहे, तू माझा दोस्त कधीच नव्हतास. माय नाही, दवाखाना नाही. कोटवाल्याचा फोन कशाचा होता ते कोणी सांगतही नाही. मी बसून एकेका वाक्याखाली मराठी ओळी टाकल्या. व्याकरण तपासलं. आणि आपल्या शाळेच्या ग्रुपवर टाकून दिलं. गंमत म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगू? इतक्या वर्षांत एकदा तरी दुकानातल्या लोकांनी तुझ्या तोंडाकडून मान वळवून माझ्याकडे बघावं, असं मला वाटत होतं. वर्गात माझ्याकडे कोणी बघत नाही. देसाईगंजला खड्ड्यातल्या तुझ्या पाया पडताना मी नट पाहिले होते.

ग्रुपवर हसून हसून लोळले सगळे. येडं बनवलं बे हंस्यानं, मायचे पैसे परत दे, काय काय लिहिलं. तुझं उत्तर दिवसभर आलं नाही. संध्याकाळी दोन शब्द आले. "दोर पाय."

मी ते वाचलं आणि सोडून दिलं. हरलेला माणूस काहीतरी बोलणारच, असं म्हणालो.

मग तुझा फोन आला. मी स्टाफरूममध्ये होतो, पुढ्यात पेपरांचा गठ्ठा.

"सलीम, थो दोर पाह्यला का तू? उडी मारल्यावर, भुऱ्याच्या डाव्या हातातला?"

"पाह्यला," मी म्हणालो.

"मंग?"

"मंग काय? सोडला दोर आन् गेला निघून."

"पक्कं पाह्यलं?"

"पक्कं पाह्यलं रे बाबा."

मग म्हणालास, "बरं. तू पाह्यला म्हणून राह्यला, तं पाह्यला असन."

मी पाहिला नव्हता. फोन लवकर संपावा एवढंच हवं होतं. कुठून बोलतोयस विचारलं तर म्हणालास, नागपूरले, तपासणीले आलो, छातीत जरा भरून येते. मी म्हणालो, जपून राहा, या वेळी धान निघालं की नाटकाला नक्की येतो. ते तुझं-माझं शेवटचं बोलणं. तुला किती बरं नाही हे मी विचारायला हवं होतं. तू सांगितलं नसतंस, तरी विचारायला हवं होतं.

परवा मंडपात तुझ्या लेकीने, आचलने मला खिरीची वाटी आणून दिली. नर्सिंगला आहे ना ती, हात तुझ्यासारखे, सतत काहीतरी नीट करणारे. शेजारी बसली आणि म्हणाली, "सलीमकाका, बाबा दवाखान्यात तुमचीच गोष्ट काढत होते. म्हणे, लय वर्साची कुस्ती होती सलीमसंग. हारलो मी."

"असं म्हणाले?"

"हाव. मी म्हटलं, परत एकदा पाहून घ्या ना मोबाइलवर. तं म्हणे, नाई, सलीमनं पाह्यलं, थो खोटं नाई बोलत, थो पुस्तकातला माणूस हाये." मग हसत डोळे पुसून म्हणाली, "तुमच्यावर राग नवता, काका."

खीर मी संपवली. पानावरचं टाकू नये, असं आपल्या दोघांच्याही घरात शिकवलंय.

दुपारच्या गाडीने परत निघालो. डब्यात गर्दी होती, इअरफोन घरी राहिलेले, म्हणून मोबाइलचा आवाज पूर्ण बंद केला आणि सामना लावला. बिनआवाजाचा तो मी दुकानानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्या मराठी ओळी खाली पळत होत्या, त्या बोटाने झाकल्या. ठाणेदार सरपटत आला. वीतभर अंतर राहिलं. भुऱ्याने उजवा हात मागे घेतला, खाली उडी मारली. आणि चित्राच्या अगदी कडेला, हंस्या, त्याचा डावा हात डोक्याच्या वर तसाच होता, मुठीत दोर. तो पाठ फिरवून निघाला तरी मूठ सुटली नाही. एक पाऊल गेला, दोर ताणला, हात मागे ओढला गेला. तेवढ्यात चित्र लोकांकडे वळलं. परत आलं तेव्हा तो आत जायच्या वाटेवरच्या पडद्यापाशी पोचला होता. दोर सोडताना तो कुठेच दिसत नाही.

सिंदेवाही गेलं, राजोली गेलं, मी तेवढाच तुकडा लावत होतो. मनगटाच्या पट्टीत दोर अडकला असेल. अडकला असेलही. मी इंग्रजीचा मास्तर आहे, मला अशी पन्नास कारणं सुचतात. पण तू तेव्हा शाळकरी पोरगा होतास, भरलेल्या दुकानात, मुक्या टीव्हीवर, आणि सगळे त्याच्या पायांकडे बघत असताना तू त्याची मूठ पाहिलीस. माय तू तिथूनच आणलीस. माणूस निघून जातो आहे आणि त्याचा हात निघत नाही, याला काहीतरी कारण द्यायला हवं होतं, ते तू दिलंस. मी इतकी वर्षं तू हे हवेतून काढतोस असं समजत होतो.

मूलला गाडी थांबली. पुढे केळझरच्या जंगलात रेंज जाते, म्हणून खाली उतरून फलाटावरूनच आचलला फोन लावला. फोनमध्ये तिच्या मागे मंडप सोडत असल्याचे आवाज येत होते, खुर्च्या एकात एक बसवत होते.

"आचल, तुह्या बाबाले हारवलं नाई मी," मी म्हणालो. "दोर भुऱ्याच्या हातात होता. त्यानं सोडला नवता. मी तवा पाह्यलंच नवतं, तसंच सांगून देल्लं. बाबा जिंकले."

मला वाटलं, रेंज गेली. मग अगदी साध्या आवाजात, रागाचा लवलेशही नसताना, तिने विचारलं, "मंग पाह्यलं म्हणून काऊन सांगतलं, काका?"

मी तोंड उघडलं. पेपर होते, घाई होती, असं काही आलं नाही. गार्डाने शिट्टी दिली, लोक डब्यात चढायला लागले, आणि मी मोबाइल कानाला धरून उघड्या तोंडाने तिथेच उभा राहिलो, सवयीने खाली बघत, खड्ड्यातून तू काहीतरी देशील म्हणून.